माळ्यांच्या युक्त्या ऐकीव नसतात: हायड्रेंजियाच्या छाटकलमांवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हायड्रेंजिया या फुलझुडपाची छाटकलमं, म्हणजे कापलेल्या फांदीपासून केलेली रोपं, घरच्या घरी कशी करावीत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपलं म्हणणं असं: मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची (हार्मोनची) पावडर लावल्याशिवाय ही कलमं कुजतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धुऊन घ्यावं, हे मी लिहिलेलं नाही. मुळं फुटली म्हणजे पुण्यात फूल येईलच असं नाही. आणि पुण्याच्या बोअरच्या पाण्यावर हे झाड फार टिकत नाही. शेवटी आपण लिहिलंत: 'माळ्यांच्या ऐकीव युक्त्यांवर लेख लिहून वाचकांची दिशाभूल करू नये. मी कृषी पदवीधर आहे, म्हणून सांगतो.'

कोकोपीटचं आपलं बरोबर आहे. विटेच्या रूपात मिळणाऱ्या कोकोपीटात पुष्कळदा क्षार असतात. ते भिजवून, पिळून, पाणी टाकून दोन-तीनदा धुऊन घेतलेलं चांगलं. लेखात ते वाक्य आता घातलं आहे आणि एका वाचकाने सुचवल्याचंही तिथे नमूद केलं आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. इतर मुद्द्यांकडे वळण्याआधी त्यावर बोलणं मला भाग आहे, कारण प्रतिक्रिया वाचून झाल्यावर माझ्या मनात तेवढंच वाक्य उरलं.

माझे वडील पाचगणीत माळी होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. बंगल्यांच्या बागा आणि एका निवासी शाळेचं आवार त्यांनी जन्मभर सांभाळलं. पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांच्या पायऱ्यांशी निळ्या हायड्रेंजियाचे ताटवे आपण पाहिले असतील. असे ताटवे बहुतेक कुणी ना कुणी माळ्याने छाटकलमं करूनच वाढवलेले असतात. आण्णांनी अशी कितीतरी झुडपं उभी केली. बागेचं कौतुक व्हायचं ते मालकाचं, आणि आण्णांचं त्याबद्दल काही म्हणणंही नसायचं. पण त्यांच्या हातच्या कामाला कुणी 'ऐकीव' म्हणावं आणि मी ते सोडून द्यावं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

आषाढात पाऊस लागला की ते पहाटे बागेत जायचे. फांदी कापायची ती सकाळीच, पानं ताठ असताना. दुपारी कापलेली फांदी आधीच कोमेजू लागलेली असते. फूल न आलेला, त्याच वर्षीचा फुटवा निवडायचा. तो फार कोवळा नको आणि लाकूड झालेलाही नको. वाकवून पाहायचा: नुसता लवला तर कोवळा, वाकताना किंचित चरचरला तर बरोबर. मग अंगठ्याने पेर चाचपायचे आणि दाढीच्या ब्लेडने पेराच्या अगदी खाली काप घ्यायचे. खालची पानं काढून टाकायची, वर एक जोडी ठेवायची आणि तीही आडवी अर्धी छाटायची. मला ते फार जिवावर यायचं. एवढी सुंदर पानं का कापता, असं विचारलं की म्हणायचे, "अगं, त्याला अजून तोंड फुटलेलं नाही, एवढं अंग पोसायचं कशानं?"

तुम्ही शास्त्राची आठवण करून दिलीत, म्हणून शास्त्रच बघू. हायड्रेंजियाचं पान मोठं असतं आणि त्यातून पाणी भराभर उडून जातं. मुळं नसलेल्या फांदीला तेवढं पाणी ओढता येत नाही. पान अर्धं केलं की खर्च कमी होतो आणि उरलेला अर्धा भाग अन्न बनवत राहतो. पेराखाली काप घ्यायचा तो अशासाठी, की मुळं पेरापाशी लवकर आणि भरपूर फुटतात. फुलाचा फुटवा घ्यायचा नाही, कारण त्याची ताकद मुळांऐवजी फुलाकडे जाते. यातलं काय ऐकीव आहे? ज्यांनी आयुष्यभर हाताने करून पाहिलं त्यांना कारण पुस्तकी शब्दांत सांगता येत नसेल, पण त्यांचं करणं अचूक होतं. आणि तुम्ही ज्याला शास्त्र म्हणता, त्यातलं बरंचसं अशाच माणसांच्या कामावर नजर ठेवून लिहिलं गेलं आहे.

पावडरीच्या मुद्द्यावर तर तुम्ही स्वतःच्या विषयाची उजळणी करायला हवी होती. कलम कुजतं ते पावडर नसल्यामुळे नव्हे. कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला आपण बोलावतो ते पाण्याचा निचरा नसलेल्या, हवा न खेळणाऱ्या मिश्रणात फांदी खोचून. इंडोल ब्युटिरिक आम्ल, म्हणजे नर्सऱ्यांत मिळणारं आयबीए, मुळांना लवकर आणि सारखेपणाने फुटायला मदत करतं. ते कुजण्यावरचं औषध नाही. शिवाय हायड्रेंजिया हे अशा झाडांपैकी एक आहे की ज्यांच्या खोडात मुळांचे अंकुर आधीच तयार होऊन निजलेले असतात. वाळुंजात असतात, जाई-मोगऱ्याच्या कुळात असतात, तसेच यातही. अभिवृद्धीच्या, म्हणजे रोपं तयार करण्याच्या, पाठ्यपुस्तकांत ही यादी हमखास सापडते. म्हणून तर ओल्या वाळूत खोचलेली फांदी पावडरीशिवाय मूळ धरते. हजार रोपं एकसारखी हवी असतील तर नर्सरीवाल्याने पावडर जरूर वापरावी. गच्चीवर पाच-सहा कुंड्या करणाऱ्या माणसाला तिच्याविना अडत नाही. लेखात मी एवढंच म्हटलं होतं, आणि ते 'दिशाभूल' कसं होतं, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

आण्णांच्या काळात कोकोपीट नव्हतं, परलाइट (मिश्रण मोकळं ठेवणारे हलके पांढरे खडे) तर त्यांनी पाहिलंही नाही. ते ओढ्याची वाळू चाळून, धुऊन घ्यायचे आणि तीत कुजलेला पालापाचोळा थोडासा मिसळायचे. शेणखत मात्र मुळं फुटेपर्यंत अजिबात नाही. कोवळ्या कापाशी खत लागलं की तो काळा पडतो, हे त्यांनी मला पुनःपुन्हा बजावलं होतं. बेकरीतल्या रिकाम्या काचेच्या बरण्या ते कलमांवर पालथ्या घालायचे आणि रोज सकाळी थोडा वेळ उचलून वारा द्यायचे. आज आपण पारदर्शक पिशवी वापरतो, काम तेच. पिशवी पानांना टेकू नये म्हणून दोन काड्या खोचायच्या, ऊन थेट पडू द्यायचं नाही, आणि आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसत असतील तर वरून पाणी घालायचं नाही. तीन-चार आठवड्यांत वरचा डोळा फुगून हिरवी टोकं दिसू लागतात. फांदी उपटून बघायची घाई कुणी करू नये, नवी मुळं फार ठिसूळ असतात. कुंडीच्या तळच्या भोकातून पांढरा धागा दिसला की समजायचं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिच्यावरून तुम्हाला माझा राग कळेल. मी लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा आण्णांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून कलमं दिली होती. देताना म्हणाले, "तिकडं निळं राहायचं नाही, गुलाबी होईल." मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, बंगल्यांना नवीन भिंत बांधली की कडेला चुना सांडतो, तिथल्या झुडपाला गुलाबी फुलं येतात. तेच झुडूप चार हात लांब असतं तर निळं आलं असतं. आणि तसंच झालं. पाचगणीची जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते, तीत अॅल्युमिनियम विरघळतं, झाड ते शोषतं आणि फूल निळं येतं. पुण्याच्या चुनखडीच्या काळ्या मातीत अॅल्युमिनियम असूनही झाडाला मिळत नाही, म्हणून तेच झाड गुलाबी. पांढऱ्या जातींचा रंग मात्र असा बदलत नाही. आण्णांना अॅल्युमिनियम माहीत नव्हतं. भिंतीची कडा माहीत होती. एखादा माणूस कुठल्या झाडाला कुठल्या जागी काय होतं हे वर्षानुवर्षं पाहून सांगतो आणि ते खरं ठरतं, त्याला तुम्ही कुठला शब्द वापराल? मी तुमच्या शिक्षणाला कमी लेखत नाही. माझ्या घरात शिकलेल्या माणसांना मान होता, आण्णांनी तो आम्हाला शिकवला. पण पदवी घेतली म्हणून दुसऱ्याच्या हातातलं ज्ञान दिसेनासं व्हावं, असं कुठल्याही विद्यापीठात शिकवत नसतील.

आता बाकीचं. फुलांचा मुद्दा. माझा लेख छाटकलमांवर होता, फुलांवर नव्हता. तरी सांगते, हायड्रेंजिया हे बर्फातलं झाड नाही, मूळ जपानच्या किनारपट्टीचं आहे. पुण्याच्या हिवाळ्यात गारवा मिळतो आणि फुटव्यांच्या टोकांना कळ्या धरतात. मोठ्या पानांच्या या जातीला फूल जुन्या फांदीवर येतं. लोक थंडीत झाड नीटनेटकं करायला टोकं छाटतात आणि मग उन्हाळ्यात फूल नाही म्हणून रडतात. पावसात लावलेल्या कलमाने पहिल्या उन्हाळ्यात फुलायलाच हवं, असा हट्ट धरू नये. माझ्या गच्चीवरचं झाड फुललेलं आहे. फोटो मी टाकत नाही, ही माझी निवड आहे आणि त्यावरून शंका घ्यायची गरज नव्हती.

पाण्याचं म्हणाल तर बोअरचं पाणी जड असतं, हे पुणेकरांना सांगायला नको. त्या पाण्याने पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण लोह असूनही झाडाला घेता येत नाही. नळाला येणारं धरणाचं पाणी वापरावं, पावसाचं साठवून ठेवावं. यापेक्षा जास्त यावर लिहिण्यासारखं मला काही वाटत नाही. निळा रंग हवाच असेल तर तुरटीचं पातळ पाणी अधूनमधून घालतात, पण कोवळ्या कलमाला ते घालू नये.

दुपारचं ऊन आणि उन्हाळ्यातला रखरखाट हाच या झाडाचा पुण्यातला खरा शत्रू आहे. माझं झाड पूर्वेच्या कठड्याशी आहे, त्याला सकाळी नऊ-दहापर्यंत ऊन मिळतं आणि पुढे जिन्याच्या खोलीची सावली. मे महिन्यात दोन वेळा पाणी लागतं, पानं मान टाकतात आणि संध्याकाळी परत उभी राहतात. 'फार टिकत नाही' असं जे तुम्ही लिहिलंत, ते कुणाच्या कुठल्या झाडाबद्दल? पश्चिमेच्या पत्र्याखालच्या कुंडीत ते टिकणार नाहीच. तुम्ही स्वतः लावलं असेल तर जागा, माती आणि पाणी कसं होतं ते लिहा, वाचकांना उपयोग होईल. लावलंच नसेल, तर इतकं ठामपणे सांगणं मला पटत नाही.

आणखी एक. तुमच्या प्रतिक्रियेत 'ताई' हा शब्द पाच वेळा आला आहे. ताई म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी शिकवणी घ्यायची, ही पद्धत मला आवडत नाही. मोठ्या भावाने बहिणीला सांगावं तसं सांगितलं असतंत तर मी ऐकलं असतं. कोकोपीटचं ऐकलंच ना.

ज्या वाचकांनी खाली विचारलंय की पाण्याच्या बाटलीत फांदी ठेवून मुळं येतात का, त्यांना उत्तर: येतात, पण पाण्यातली मुळं मातीत नेताना तुटतात आणि झाड बराच काळ रुसून बसतं. त्यापेक्षा झुडूप जवळ असेल तर दाबकलम करा. खालची फांदी जमिनीशी वाकवून, खालच्या बाजूला सालीवर हलकी खाच घेऊन, वर माती आणि एक दगड ठेवा. फांदी आईपासून सुटलेली नसते, त्यामुळे कोमेजायचा प्रश्नच येत नाही. मूळ धरलं की मग कापा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, तशीच ठेवली आहे, कारण माती-पाण्याचा प्रश्न इतरांनाही पडलेला असेल. त्यावर आणखी काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, मी उत्तर देईन. माळ्यांबद्दल पुन्हा तसं लिहिलंत तर मात्र ते इथे दिसणार नाही.