हिरवी चालेल, काळी नको: बुरशीच्या एका फॉरवर्डला उत्तर

पावसाळा लागला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. सुरुवात विनोदाने होते. फ्रिजच्या मागच्या रांगेत विसरलेला उसळीचा डबा, तिच्यावर हिरवी लव, आणि खाली ओळ: घरच्या घरी पेनिसिलिन, डॉक्टरची फी वाचली! इथवर हसायला कुणाचीच हरकत नाही. पण मग विनोद संपतो आणि सल्ले सुरू होतात. हिरवी बुरशी औषधी, पांढरी निरुपद्रवी, काळी तेवढी विषारी. वरचा थर काढा, खालचं चांगलंच असतं. खळखळून तापवा किंवा कडक उन्हात ठेवा, बुरशी मरते. परदेशात लोक बुरशीचं चीज पैसे मोजून खातात. आपल्या आजीने कधी काही टाकलं नाही. आणि एवढ्यावरही मन धजत नसेल तर गाईला घाला, पुण्य लागेल.

अन्न वाया जाऊ नये हा हेतू मला शंभर टक्के मान्य आहे. बाकीचं एकेक करून बघू.

पेनिसिलिनपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. 1928 च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी उगवली आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. गोष्टीचा उत्तरार्ध मात्र फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. त्या बुरशीतून माणसाला देण्याजोगं औषध निघायला पुढे दहा-बारा वर्षं गेली. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली या शास्त्रज्ञांनी केलं. बुरशी वाढवायला भांडी पुरेनात, म्हणून हॉस्पिटलातली बेडपॅनसुद्धा कामाला लावली. 1941 मध्ये, अगदी सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक असलेल्या पोलीस शिपायाच्या लघवीतून औषध परत काढून त्यालाच पुन्हा टोचलं जात होतं, इतकी टंचाई. तो सुधारायला लागला होता. साठा संपला आणि तो दगावला. भांडी भरभरून वाढवलेल्या बुरशीतून एका माणसापुरतं औषध निघेना, तिथे उसळीवरच्या रुपयाएवढ्या डागातून काय निघणार?

शिवाय ते मूळ पेनिसिलिन पोटातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून तर ते इंजेक्शनने द्यावं लागतं. आणि पेनिसिलियम ही काही एकच बुरशी नव्हे, तीनशेहून जास्त जातींचं ते घराणं आहे. सफरचंदावर निळसर मऊ डाग पाडणारी पेनिसिलियम एक्स्पान्सम याच घराण्यातली, ती पॅट्युलिन नावाचं विष बनवते. साठवलेल्या धान्यात सापडणारी पेनिसिलियम सिट्रिनमही यातलीच, तिचं सिट्रिनिन मूत्रपिंडाला घातक. तुमच्या डब्यात घराण्यातलं कोण आलंय, हे डब्याकडे बघून कळत नाही.

पुणेकरांसाठी जाता जाता एक गंमत. पेनिसिलिन देशातच बनावं म्हणून पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. पुढे तिथल्याच संशोधकांनी हॅमायसिन शोधलं, आणि ते आहे बुरशी मारणारं औषध. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचं नाव शास्त्रात गेलं ते बुरशीच्या विरोधातल्या कामामुळे!

आता रंग. बुरशीचा रंग बहुतेक वेळा तिच्या बीजाणूंचा, म्हणजे ती ज्यातून पसरते त्या बारीक कणांचा असतो. पावावर पांढरा कापूस दिसतो तेव्हा अनेकदा एवढाच अर्थ असतो की बुरशी अजून कोवळी आहे. परवा तीच हिरवी किंवा काळी होईल. जपानमध्ये मिसो आणि सोया सॉस ज्या अ‍ॅस्परजिलस ओरायझीपासून करतात, तिची अगदी जवळची नातेवाईक म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. दोन्ही पिवळट हिरव्या, आणि त्या वेगळ्या ओळखायला प्रयोगशाळा लागते. पहिलीवर जपानी स्वयंपाकघर चालतं. दुसरी अफ्लाटॉक्सिन बनवते, तिच्याकडे पुढे येतोच. काळ्या बुरशीची भीती 2021 च्या म्युकरमायकोसिसमुळे बसली आहे, पण त्यात काळेपणा होता तो मेलेल्या पेशींचा. तो आजार पाव खाऊन झाला नव्हता. बेसुमार वाढलेली साखर, स्टेरॉइड आणि श्वासातून आत गेलेले बीजाणू असं ते प्रकरण होतं. तेव्हा कुठल्याच रंगाला अभयपत्र देऊ नका.

वरचा थर काढण्याबद्दल मात्र फॉरवर्ड पूर्ण चुकीचा नाही, अर्धा आहे. दिसतो तो बुरशीचा वरचा भाग. तिचे तंतू खाली शिरलेले असतात. किती खोल शिरतील, हे पदार्थावर अवलंबून. गाजर, कोबी किंवा घट्ट चीज अशा कमी ओलाव्याच्या, कडक गोष्टींमध्ये त्यांना फार पुढे जाता येत नाही. त्यामुळे डागाच्या चहूबाजूंनी आणि खाली किमान इंचभर कापून उरलेलं वापरा, असं अमेरिकेचं कृषी खातंच सांगतं. सुरी डागाला लागू द्यायची नाही, एवढं पथ्य. पाव, भात, भाजी, उसळ, दही, पनीर, पिकलेली मऊ फळं यांना ही सवलत नाही. जॅमचा वाद तर ब्रिटिश मंत्रिमंडळापर्यंत गेला होता. आपण वरची बुरशी खरवडून खालचा जॅम खातो, असं तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी बैठकीत सांगितल्याची बातमी 2019 मध्ये आली आणि देशभर त्यावर काथ्याकूट झाला. साखर भरपूर म्हणून धोका कमी, हे खरं. पण अमेरिकेच्या यादीत जॅम टाकून देण्याच्या रकान्यात आहे, आणि मीही तो तिथेच ठेवीन.

सगळ्यात धोकादायक सल्ला तापवण्याचा आहे, कारण तो शास्त्रीय वाटतो. उकळल्यावर बुरशी मरते, बरोबर. तिने आधीच बनवून ठेवलेलं विष मरत नाही, कारण ते जिवंत नसतंच. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेत गेल्यावर कारण निघालं त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड आणि तिच्यात वाढलेली ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. अफ्लाटॉक्सिन हे नाव तिच्यावरूनच पडलं. हे विष पूर्ण मोडायला साधारण अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. पाण्यात शिजणारी भाजी शंभर अंशांच्या वर जात नाही, कुकर फार तर 120 अंश गाठतो.

याची किंमत आपल्या शेजाऱ्यांनी मोजलेली आहे. 1974 च्या शरदात गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला, साठवणीत बुरसला, आणि दुसरं काही नसल्याने गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभराहून जास्त माणसं गेली. मका कुणी कच्चा खाल्ला नव्हता. भाकरी भाजूनच खाल्ली होती.

उन्हाचंही तेच. ऊन पदार्थ वाळवतं, त्यामुळे बुरशी यायची थांबते. आलेलं विष ते काढून घेत नाही.

चीजबद्दल फार लिहायची गरज नाही. रोकफोर किंवा कामाम्बेरमध्ये कुठली बुरशी, किती मिठात, किती गारव्यात वाढवायची हे ठरलेलं असतं, आणि ती मुद्दाम निवडून पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली असते. तुमच्या डब्यात आलेली आगंतुक आहे.

आजीचा मुद्दा मला जास्त खटकतो, कारण त्यात आजीवर अन्याय आहे. तिने शिळं खाल्लं, बुरसलेलं नाही. रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, हे सगळं बुरशी यायच्या आत. तिचं निम्मं कसब बुरशी येऊच नये यात होतं: लोणच्यावर बोटभर तेल, बरणीत ओला चमचा घालायला बंदी, पावसाआधी डाळी-पापडांना कडकडीत ऊन, आणि खवट, काळा दाणा दिसला की तो वेचून बाहेर. अवकाळी पावसात ज्वारी काळी पडली की ती का नको, हेही तिला ठाऊक होतं. 1995 मध्ये दख्खनच्या काही खेड्यांत अशीच पावसात भिजून बुरसलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. त्यात फ्युमोनिसिन हे विष सापडलं.

भीतीही वाजवीच असू द्या. चुकून पावाचा बुरसलेला घास पोटात गेला तर बहुतेकांना काही होत नाही. तोंड खराब होतं, फार तर मळमळतं. दवाखाना गाठायचा तो उलट्या-जुलाब थांबेनात तर. धोका आहे तो रोजच्या सवयीचा आणि साठवणीतल्या धान्याचा, शेंगदाण्याचा. आणि खात्री करायला डबा नाकाशी नेऊ नका. दम्याच्या माणसाला ते बीजाणू पुरेसे असतात.

राहिली गाय. बुरसलेल्या पेंडीतलं किंवा भाकरीतलं अफ्लाटॉक्सिन तिच्या यकृतात रूप बदलतं आणि दिवसभराच्या आत दुधात उतरतं. म्हणून तर आपल्याकडे दुधातल्या या विषावर किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. दूध उकळून ते जात नाही. बुरसलेला डबा ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या खड्ड्यात रिकामा करा, तिथे बुरशी कामाची असते.