दहा कोंबड्यांचे म्हणून विकलेले खुराडे

विकणाऱ्याने छातीठोकपणे "दहा कोंबड्यांचे आहे" असे सांगितले आणि मी रोख पैसे मोजून ते खुराडे घरी आणले, या गोष्टीचा संताप मला अजून आवरत नाही. गेल्या फाल्गुनात परभणीच्या बाजारातून घेतलेला हा लोखंडी सांगाडा 4 फूट लांब आणि 3 फूट रुंद आहे, म्हणजे जागा सगळी मिळून 12 चौरस फूट. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीला खुराड्यात निदान 4 चौरस फूट आणि शिवाय बाहेर हिंडायला 8 ते 10 चौरस फुटांचे जाळीबंद अंगण लागते. या हिशेबाने त्यात तीन कोंबड्या राहू शकतात. दहा नव्हे, तीन!

हा दहाचा आकडा कुठून येतो, हे मला आता नीट कळले आहे. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये एका पक्ष्याला साधारण 1 चौरस फूट जागा धरतात, परंतु तो पक्षी सहा आठवड्यांत विकला जातो. माझ्या चार गावरान आणि सहा गिरिराज जातीच्या कोंबड्या वर्षानुवर्षे राहणार आहेत, हे त्या माणसाला मी स्वतः सांगितले होते. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा तो म्हणाला, "काका, गावाकडं एका डालग्याखाली पंधरा-पंधरा राहतात की!" अहो, डालग्याखाली, म्हणजे पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली, कोंबडी राहते ती केवळ रात्री. आमची आजी तांबडे फुटताच डालगे उचलत असे आणि मग कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात, कडब्याच्या गंजीखाली चरत असत. अंधारात कोंबडी हलत नाही, एकमेकींना चिकटून बसते, म्हणून तेवढी जागा पुरते. आमच्या वसाहतीत मोकाट कुत्री आणि मुंगूस यांच्या भीतीने त्यांना दिवसाही कोंडावे लागते, आणि दिवसा जागी असलेली कोंबडी उकरते, पळते, भांडते.

बरे, रात्रीसाठी तरी ते पुरेसे आहे का? बसण्याची दांडी एकच, 4 फुटांची. प्रत्येक कोंबडीला 8 ते 10 इंच दांडी हवी असते, येथे एकीच्या वाट्याला पाच इंचही येत नाहीत. त्यामुळे निम्म्या कोंबड्या खाली विष्ठेत बसत आणि सकाळी दार उघडले की अमोनियाच्या उग्र वासाने डोळ्यांत पाणी येत असे. दार जेमतेम फूटभर रुंद असल्याने आतले कोपरे खरवडताना माझा खांदा सोलून निघे. अंडी घालायला कप्पाही एकच होता. चार-पाच कोंबड्यांमागे एक कप्पा लागतो, हे सांगाडा बनवणाऱ्याला ठाऊक नसावे, यावर माझा विश्वास बसत नाही. दाटीवाटीत अंडी फुटू लागली आणि एकीला बलक खाण्याची चटक लागली.

त्यानंतर वैशाख आला. आपल्या मराठवाड्यात पारा 42 अंशांवर जातो, कोंबडीला घाम येत नाही आणि विकणाऱ्याने वर उघडा पत्रा ठोकलेला! दुपारी त्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. आत कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत होत्या आणि एकीला दुसरीपासून सरकायलाही जागा नव्हती. मी वर कडबा अंथरला, ओली गोणपाटे टाकली, बाजूंना पडदे सोडले, पण दाटी मी कशी कमी करणार? त्याच आठवड्यात टोचाटोची सुरू झाली. एका गावरान कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी पिसेच उरली नाहीत, लालभडक कातडी दिसू लागली, आणि रक्ताचा थेंब दिसताच बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. तिला मी टोपलीखाली वेगळे ठेवून हळद लावली, तरी ती तिसऱ्या दिवशी गेली.

सहा कोंबड्या मी मावशीच्या शेतावर पाठवल्या. तीन माझ्याकडे आहेत आणि आता कुठे त्या सुखाने पंख पसरतात. परवा त्याच दुकानावरून गेलो, तर त्याच मापाच्या नव्या सांगाड्यावर "12 कोंबड्यांसाठी" अशी पाटी लावलेली होती. मी दुकानात शिरलो आणि गिऱ्हाइकांसमोर टेप लावून त्याला मोजून दाखवले.