सिमेंटचा गुडघा खरंच दहा वर्षांत सुटतो?

आत्याच्या गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि दोनच दिवसांत तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: ‘सिमेंटचा सांधा दहा वर्षांत सुटतो, सिमेंट रक्तात विष सोडतं, परदेशात ते बंद झालंय, बिनसिमेंटचा गुडघा जन्मभर पुरतो.’ एकाहत्तर वर्षांची आत्या तारीख रद्द करायला निघाली. म्हणून हे लिहितेय.

हे सिमेंट घर बांधायचं नव्हे. ते पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, कवळीसाठी वापरतात त्याच जातीचं अ‍ॅक्रिलिक. पूड आणि द्रव कालवले की दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं आणि हाडाच्या जाळीत शिरून अडकून बसतं, त्यानेच कृत्रिम सांधा हाडाला धरून राहतो. ते लावताना क्वचित रक्तदाब उतरतो, गुडघ्यापेक्षा खुब्याच्या ऑपरेशनमध्ये जास्त. त्यासाठी भूलतज्ज्ञ तिथे डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. पुढे वर्षानुवर्षं विष झिरपत राहतं, हे खोटं.

‘परदेशात बंद’ हे तर धडधडीत खोटं. ब्रिटनमध्ये २००३ पासून सांधेरोपणांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. तिथले बहुसंख्य गुडघे सिमेंटनेच बसवलेले आहेत. आणि दहा वर्षांनी त्यांतले शंभरात पाचेकसुद्धा बदलावे लागलेले नसतात. जे बदलतात तेही सगळे सुटलेले नसतात, काहींत जंतुसंसर्ग झालेला असतो.

बिनसिमेंटचा गुडघा वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या धातूचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो, त्यात हाड वाढून सांधा पक्का होतो. वय कमी आणि हाड दणकट असेल तर तो चांगला पर्याय आहे. १९८० च्या दशकातल्या बिनसिमेंटच्या सांध्यांत स्क्रूच्या भोकांवाटे प्लॅस्टिकचे झिजलेले कण हाडात उतरत आणि हाड पोखरत. आताची बनावट पुष्कळ सुधारली आहे. पण हाड वाढेपर्यंतचे आठवडे सांधा नुसत्या घट्ट बसण्यावर तग धरतो. ठिसूळ हाडात ती पकडच कच्ची राहू शकते, आणि आत्याचं हाड तसंच आहे. शिवाय दोन्ही प्रकारांत धातूच्या भागांमधली चकती बहुधा पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकचीच असते. झिजायची ती दोन्हीकडे झिजते, मग ‘जन्मभर’ची हमी कुठून आली?

तारीख तूर्त कायम आहे. आत्याने डॉक्टरांसाठी चिठ्ठीवर दोन प्रश्न लिहून घेतलेत: माझं हाड कसं आहे, आणि तुमचा हात कोणत्या पद्धतीवर जास्त बसलाय?