प्रोलॅक्टिन 90 आलं म्हणजे गोळीचा मार्ग बंद झाला का?

ताई, उदगीरहून तुम्ही लिहिलंय : 'दिरांच्या एमआरआयमध्ये पिट्यूटरीची गाठ 4 सेंटिमीटरची, प्रोलॅक्टिन फक्त 90. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात आणि तुम्ही गोळीने गाठ आटते असं लिहून पेशंटला थांबवता.'

डॉक्टर चुकतायत असं मी म्हणणार नाही. प्रोलॅक्टिन हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन. मेंदूकडून येणारं डोपामिन हे रसायन त्याला आवर घालतं. कुठल्याही गाठीने ग्रंथीचा देठ दाबला की तो आवर सुटतो आणि आकडा वाढतो, पण बहुधा 100 नॅनोग्रॅमच्या आतबाहेरच राहतो. 90 तिथे बसतो, आणि तशी गाठ गोळीने आटत नाही. गोळीने आटते ती स्वतः प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ.

पण एवढ्या मोठ्या गाठीत 90 हा आकडा खोटाही असू शकतो. तपासणीत दोन अँटिबॉडी हार्मोनला दोन्ही बाजूंनी धरतात, तेव्हा त्याची मोजणी होते. हार्मोन बेसुमार असलं तर दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या कणांनी भरून जातात, जोडी जमत नाही आणि आकडा कमी दिसतो. नव्या यंत्रांवर हे कमी घडतं, तरी 3 सेंटिमीटरच्या वरच्या गाठीत नमुना 100 पट पातळ करून पुन्हा मोजायलाच हवा. काही वेळा 90 चे हजारो होतात. कलेक्शन सेंटरवरून नुसतं 'प्रोलॅक्टिन' लिहून नमुना पुढे गेला तर मोजणाऱ्याला गाठीचा आकार कसा कळणार? फॉर्मवर 'गाठ 4 सेंटिमीटर, 1:100 डायल्यूशन करावे' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सकाळी 8 चं कॉर्टिसॉल हे हार्मोन. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी त्याची भरपाई करणारं हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉइडची गोळी त्यानंतर. उलट केलं तर पेशंट कोसळतो. ॲसिडिटीसाठी मेडिकलवरून आणलेल्या कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन असेल तर तेही सांगा, त्यानेही प्रोलॅक्टिन चढतं.

आकडा हजारोंत निघाला तर पहिला उपाय कॅबरगोलिन, हीच ती गाठ आटवणारी गोळी. साधारण 0.25 मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा, रात्री जेवणानंतर. पुढे रिपोर्ट पाहून डॉक्टर डोस वाढवतात. गाठ आटताना एक धोका मात्र असतो : कवटीच्या तळाला तिनेच पाडलेलं आणि तिनेच बुजवलेलं छिद्र उघडं पडतं. मग वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं थेंब थेंब गळतं. सर्दी समजून ते अंगावर काढू नका, त्यातून मेंदूज्वर होतो.

पेशंटला थांबवू नये, हा तुमचा मुद्दा एका बाबतीत मात्र खरा. अचानक तीव्र डोकेदुखी, उलट्या, नजर जाणं असं झालं तर या तपासण्यांसाठी थांबायचं नाही. त्याच रात्री न्यूरोसर्जन असलेल्या दवाखान्यात, लातूर किंवा संभाजीनगर, जे आधी गाठता येईल तिथे. हे मूळ लेखात राहिलं होतं, आज घातलं आहे.