रसायने व काचसामान : निरंक

आमच्या तालुक्यातील एका जुन्या कुलकर्णी घराण्याच्या माडीवर मोडी कागदांचे चार रुमाल होते. (हा रुमाल खिशातला नव्हे, दप्तराचे कागद ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवीत, तो.) त्यांपैकी एक कसरीने निम्मा खाल्लेला होता, आणि उरलेले तीन तिने खाण्यापूर्वी स्कॅन करून त्यांचे देवनागरी लिप्यंतर कोणालाही शोधता येईल असे संगणकावर ठेवावे, एवढाच माझा हेतू होता. अशा कामाला हल्ली ‘डिजिटल मानव्यविद्या’ म्हणतात आणि तिच्यासाठी लघु संशोधन अनुदान मिळते, ही माहिती मला प्राचार्यांनी दिली. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

अनुदानातील ‘लघु’ हे विशेषण केवळ रकमेचे आहे, हे अर्ज उघडल्यावर समजले. अर्ज सर्व विद्याशाखांना एकच असल्यामुळे अंदाजपत्रकात ‘रसायने व काचसामान’ असा एक शीर्ष होता आणि तो रिकामा सोडला की अर्ज पुढे सरकत नव्हता. कार्यालयातील भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून सांगितले, “सर, निरंक लिहा. कुठंही अडलं की निरंक लिहायचं.” हा मंत्र मी इतक्या निष्ठेने जपला की ‘अपेक्षित निष्कर्ष’ या रकान्यातही तो उमटला, आणि अर्ज एकदा परत आला.

नमुना म्हणून एका कागदाचे स्कॅन जोडायचे होते. जुना कागद सहाशे डीपीआयवर रंगीत घ्यावा असे जाणकार सांगतात. त्या हिशेबाने ए-फोर आकाराच्या एका पानाची मूळ फाइल शंभर एमबीच्या आसपास जाते. पोर्टलची मर्यादा होती पाचशे केबी. मी ते पान दाबत दाबत मर्यादेत बसवले, तेव्हा त्यावरील मोडी ही मोडी आहे की वाळवीची वाट आहे, हे मलाही सांगता येईना. छाननी समितीने मात्र नमुना ‘सुवाच्य’ असल्याचा शेरा दिला.

माझी मागणी नव्वद हजारांची होती, मंजुरी चाळीस हजारांची आली, आणि तिच्यासोबत खरेदीची अट आली : प्रत्येक सेवेसाठी तीन कोटेशने. स्कॅनरची तीन मिळाली, कारण स्कॅनर विकणारे पुष्कळ असतात. मोडी वाचकाची तीन आणायची कोठून? २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, त्यामुळे मोडी अक्षर संगणकात साठवता येते. परंतु बोरू न उचलता ओढलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न मानणारी, शब्दांत अंतर न सोडणारी ओळ वाचायला अजून माणूसच बसवावा लागतो, आणि आमच्या परिसरात असे गृहस्थ एकच, वय वर्षे एकोणऐंशी. त्यांच्या हाताखाली मोडी शिकलेल्या दोघांना मी कोटेशन मागितले, तेव्हा गुरूंपेक्षा कमी दर लावणे हा अधर्म आणि जास्त लावणे हा उद्धटपणा, असे सांगून दोघांनीही नेमका गुरूंचाच दर लिहून दिला. तिन्ही कोटेशने सारखी आल्यामुळे संगनमताचा संशय घेण्यात आला.

रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट पाद्र्याची मला अशा वेळी फार आठवण येते. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वचिंतक संत थॉमस अक्वायनस यांच्या समग्र लेखनाची शब्दसूची यंत्राकडून करून घ्यावी म्हणून ते १९४९ साली न्यूयॉर्कला आयबीएम या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले, आणि पुढे सुमारे तीस वर्षे हे काम चालले. डिजिटल मानव्यविद्येचा उगम बहुतेक जण तेथे मानतात. वॉटसन यांनी त्यांच्याकडे आणखी दोन आयबीएमची कोटेशने मागितली नाहीत, म्हणून ही विद्या जन्माला आली, असे माझे मत आहे.

खरी परीक्षा झाली ती कागदांची सूची करताना. सूची ठरावीक एक्सेल तक्त्यातच द्यायची होती आणि त्यात ‘दिनांक’ हा रकाना अनिवार्य होता. माझ्यासमोरच्या पहिल्याच पत्रावर मिती होती : ‘छ ५ रमजान, अर्बा सबैन मया व अलफ’. छ म्हणजे चांद्र महिन्याची तारीख, अर्बा म्हणजे चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार; म्हणजे शुहूर सन (मराठेशाहीच्या दप्तरात चालणारा, अरबी अंकनावांनी लिहिला जाणारा सन) ११७४, आणि त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३. रमजान धरता नोव्हेंबर महिना येतो. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून होऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि हा पत्रलेखक गावच्या बैलांच्या कडब्याबद्दल तक्रार करीत होता, हे वाचून मला जो आनंद झाला तो एक्सेलने टिकू दिला नाही. एक्सेलच्या लेखी काळ १ जानेवारी १९०० रोजी सुरू होतो. त्यापूर्वीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही. तक्ता लाल होऊन अडून बसला. भाऊसाहेब म्हणाले, “सर, १९७३ टाका. दोनशे वर्षांनी कुणाचं काय बिघडतं?” इतिहासाच्या प्राध्यापकाला हा सल्ला देणारा माणूस एरवी सेवापुस्तिकेतील एका दिवसाच्या फरकासाठी लोकांना सहा महिने हेलपाटे घालायला लावतो. शेवटी मी दिनांकात ‘निरंक’ लिहिले. तेही तारीख नसल्यामुळे तक्ता पुन्हा लाल झाला.

अहवालासोबत वाङ्मयचौर्य तपासणीचे प्रमाणपत्र हवे होते. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. माझ्या लिप्यंतरांचे निघाले अडतीस टक्के. मी हादरलो, कारण चोरी केलीच असली तर ती अठराव्या शतकातून केली होती. खुलासा नंतर झाला. त्या काळचे प्रत्येक सभ्य पत्र ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ असे सुरू होऊन ‘विनंती उपरी’वरून ‘बहुत काय लिहिणे’ येथे संपते, आणि संगणकाच्या मते माझ्या रुमालांतील झाडून सर्व कारकुनांनी एकमेकांची नक्कल केलेली होती. ते एका अर्थी खरेही आहे. मायने वगळून तपासणी करावी, असा विनंतीअर्ज मी केला. त्याची सुरुवात ‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ अशी होती, आणि तसेच सुरू होणारे माझे आणखी अकरा अर्ज त्याच फाइलमध्ये आधीपासून होते.

संशोधनात सहभागी व्यक्तींच्या लेखी संमतीचा प्रश्न मी एका ओळीत मिटवला : सर्व संबंधित मयत.

आता प्रकल्प पूर्ण झाला आहे. तीन रुमालांतील तीनशे बारा कागद स्कॅन झाले, दोनशे शहाण्णवांचे लिप्यंतर झाले, उरलेले सोळा आमच्या गुरुजींनीही हात जोडून परत केले. उपयोगिता प्रमाणपत्र गेले, शिल्लक एकेचाळीस रुपये व्याजासह परत केले, आणि त्यासाठी काढलेल्या डिमांड ड्राफ्टचे कमिशन कोणत्याच शीर्षात बसत नसल्यामुळे ते मी खिशातून भरले. एवढ्यावर भागले असते. पण गेल्या आठवड्यात लेखापरीक्षणाचा आक्षेप आला : प्रकल्प डिजिटल असताना कागद व झेरॉक्स यांवर तीन हजार दोनशे दहा रुपये खर्च होण्याचे कारण काय, याचा खुलासा तीन प्रतींत, पृष्ठ क्रमांक घालून, सहपत्रांसह सादर करावा.

खुलासा मी लिहिला आहे. सहपत्रे धरून तो प्रत्येकी सत्तेचाळीस पानांचा झाला, आणि अनुदानाची मुदत संपलेली असल्यामुळे त्याच्या कागदाचा खर्च कोणत्या शीर्षात दाखवायचा, असे मी भाऊसाहेबांना विचारले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कपाटातून परीक्षा विभागाची एक अर्धी रीम काढली आणि काही न बोलता माझ्या पिशवीत सरकवली.