कुत्र्याला आपली ‘डी३’ची पुडी देऊ नका

‘पिल्लू लंगडतंय? ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डी३ची पुडी दुधात घालून द्या,’ असा मेसेज नागपुरात व्हॉट्सॲपवर फिरतोय. हे साफ चूक आहे. ती पुडी मोठ्या माणसाची, तीही बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची. १० किलोच्या कुत्र्याला ४०,००० युनिटनेही विषबाधा होऊ शकते: उलट्या, सारखी तहान, मग रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीच निकामी. आणि पिल्लाचं वजन ते किती! शुगरफ्री गोळ्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर तेही कुत्र्याला घातक.

पुडी दिली गेली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. रिकामं पाकीट सोबत घ्या आणि सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना किंवा जवळचा जनावरांचा डॉक्टर लगेच गाठा.