घर बदललं? मतदार यादीला अजिबात हात लावू नका

औशाकडचं बिऱ्हाड उचलून संभाजीनगरात सिडकोला आलात, लै भारी झालं. आता आधी महत्त्वाची कामं उरकून घ्या. गॅसचा पत्ता, बँकेचा पत्ता, आधारचा पत्ता, आणि जेवण मागवायच्या ॲपातला पत्ता तर टेम्पो खाली व्हायच्या आधीच बदला, कारण पहिल्या रात्री तवा कोणत्या पोत्यात हाय तेच सापडत नसतं. मतदार यादीचं राहू द्या. ती काय पळून चालली का?

तसा फॉर्म ८ मोबाईलवरच भरता येतो, पत्ता बदलला असं टिक करायचं, नवीन पत्त्याचा एक पुरावा जोडायचा, म्हणजे तेच आधार जे तुम्ही सिमकार्डासाठी दोन दिवसात अपडेट करून आणलं. एवढं सोपं काम घाईनं करण्यात काय मजा. २०२२ च्या आधी निदान बहाणा तरी होता, दुसऱ्या मतदारसंघात गेलं की फॉर्म ६, त्याच मतदारसंघात गल्ली बदलली की ८अ, माणूस आरामात कन्फ्यूज व्हायचा. आता दोन्हीला ८च ठेवून आयोगानं आपला तेवढा बी आधार काढून घेतला. तरी नेट लावून कुणी फॉर्म भरलाच तर खात्री करायला बीएलओ, म्हणजे तुमच्या बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या ताई दारावर येतील, बिचाऱ्या शाळा नाहीतर अंगणवाडी सांभाळून उन्हातान्हात फिरत असतात. आल्या की पोराला सांगायला लावा, पप्पा घरी नाहीत.

काही हुशार लोक गावचं नाव तसंच ठेवून इकडं नवीन मतदाराचा फॉर्म ६ भरतात, मी कुठंच मतदार नाही म्हणून. १९५० च्या कायद्यात एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असं लिहिलंय, खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण कायदा करणाऱ्याला काय माहीत, आपल्याला वेळा अमावस्येच्या सणाला चार शेतात जेवून यायची सवय. २०२४ च्या लोकसभेला तर काय योग जुळला होता, औशाकडचं मतदान ७ मेला आणि संभाजीनगरचं १३ मेला. शाईनं घोळ केला. सहा दिवसात ती काय जात नसती, नखावरची तर नख वाढून पुढं सरकेपर्यंत मुक्कामाला असती.

तुम्ही सरळ माणूस, तुम्ही फक्त काहीच करू नका. मतदानाच्या दिवशी पांढरा शर्ट घालून घराजवळच्या शाळेत लायनीत उभे रहा, नंबर आला की कार्ड टेबलावर आपटा. मॅडम यादी दोनदा चाळतील, नाव नाही म्हणतील. मग आवाज चढवा, कार्ड हाय ना माझ्याकडं! मत यादीतल्या नावावर मिळतं, कार्डावर नाही, असं त्या सांगतील, ते ऐकायचंच नाही. बाहेर येऊन व्हिडिओ काढा, माझं नाव कुणी गायब केलं.

कुणीच केलेलं नसतं. गावाकडून फोन येईल, "भाऊ, तुमचं नाव हितंच हाय की, क्रूझर पाठवू का?" (मतदारांना फुकट गाडीनं आणणं कायद्यात बसत नाही, पण पंचायतीच्या इलेक्शनला हे कुणाला सांगता.) यादीत तुमच्या वरच आजोबांचं नाव असेल. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, त्यांनी बी पत्ता बदलल्याचं कळवलेलं नाही.